वकीलपत्र परत पाठवत आहे

देवपूर, धुळे
सोमवार, १४ सप्टेंबर १९९२

चि. लता हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचं सही केलेलं वकीलपत्र पोचून आज एकोणीस दिवस झाले. पोच म्हणून एक कार्डसुद्धा मी टाकलं नाही. तू म्हणत असशील, आत्याला कोर्टातून सवड नसेल. सवड होती. रोज सकाळी चहा घेताना पाकीट उघडत होते, तुझी सही बघत होते आणि परत पेपरवेटखाली ठेवत होते.

इकडे सगळं ठीक आहे. गणपती उठले, त्यामुळे गल्लीतला लाऊडस्पीकर गेला आणि कान शाबूत राहिले. रक्तदाबाची गोळी चालू आहे. शेवंतामावशींचे गुडघे कसे आहेत? तुझ्या आईमागे त्या माउलीने तुला आणि पोरीला ठेवून घेतलं, त्यांना माझा नमस्कार सांग. छकुलीला अमळनेरलाच पहिलीत घातलंस हे चांगलं केलंस. शाळेत बापाचं नाव काय लावलंस ते लिहिलं नाहीस. रतिलालचंच लाव, आणि कोणी खोडायला सांगितलं तरी खोडू नकोस. हे मी वकील म्हणून सांगते आहे.

गणपतीतली एक गंमत सांगते. आमच्या गल्लीच्या मंडळाने यंदा माझा सत्कार केला. शाल, नारळ आणि वीस मिनिटांचं भाषण. अध्यक्ष म्हणाले, प्रमिलाताईंच्या दारातून धुळे-जळगावातली एकही बाई विन्मुख गेली नाही. टाळ्या झाल्या. हे वाक्य खोटं आहे हे त्या मंडपात फक्त मला माहीत होतं, आणि मी मान पुढे करून हार घालून घेतला. त्या बाईचं पुढे लिहितेच.

आधी कामाचं. तू लिहिलंस, ‘आत्या, तू एवढ्या बायकांना पोटगी मिळवून दिलीस, आता माझं बघ.’ तर ऐक. छकुलीची पोटगी मिळेल. आईबापाचं लग्न झालेलं असो नसो, पोराला बापाकडून खायला मागता येतं. तुझी मिळणार नाही.

का, ते तुला नीट समजायला हवं. भुसावळच्या कोर्टाने गेल्या डिसेंबरात रतिलालला निर्दोष सोडलं. पहिली बायको बेबाबाई जिवंत असताना दुसरं लग्न केलं, असा तिने त्याच्यावर खटला भरला होता. कोर्ट म्हणालं, दुसऱ्या लग्नात सप्तपदी झाली नाही, म्हणून लग्न झालं नाही, म्हणून गुन्हा झाला नाही. ते न झालेलं लग्न म्हणजे तुझं. सहा वर्षं दीपनगरच्या क्वार्टरमध्ये तू त्याचा डबा भरलास, त्याच्या आईची आजारपणं काढलीस, त्याची पोर वाढवलीस, आणि निकालाच्या अकराव्या पानावर तू त्याची कोणीही नाहीस. आणि समजा पावलं टाकली असती, तरी पहिली बायको असताना केलेलं लग्न कायद्यात टिकलं नसतं. दोन्ही बाजूंनी तूच बाहेर. चोवीस वर्षं हा कायदा मी लोकांना समजावून सांगते आहे, पण तो इतका निर्लज्ज असेल असं तुझ्या पत्रापर्यंत वाटलं नव्हतं.

निकाल लागल्यावर दोन महिन्यांत त्याने तुला ‘चार दिवस माहेरी जाऊन ये’ म्हणून बसमध्ये बसवलं. आता त्या क्वार्टरमध्ये बेबाबाई राहते. पॉवर हाऊसच्या कागदावर बायको म्हणून पहिल्यापासून तिचंच नाव. खटला हरली ती बाई घरात आणि ज्याच्यावर खटला होता तो तिच्या हातची भाकरी खातो. ती तरी कुठे जाणार होती?

तू पुढे लिहितेस की चूक भटजींची. त्यांनी भर मांडवात सांगितलं की दुसरेपणाच्या लग्नात पावलं लागत नाहीत, तर त्यांनाच कोर्टात उभं कर. लता, भटजींना सोड. ते मागच्या वर्षी वारले, आणि असते तरी त्यांनी एवढंच सांगितलं असतं की मला सांगितलं तसं मी केलं.

सांगितलं आबांनी. तुझ्या बापाने.

तू सात महिने आबांशी बोलत नाहीस असं मावशींनी कळवलं. त्यांनी जावयाला वाचवायला कोर्टात खोटी साक्ष दिली म्हणून तुझा राग आहे. ती साक्ष मी ऐकली आहे. तुला कधी बोलले नाही, पण त्या दिवशी मी धुळ्याहून भुसावळला गेले होते आणि मागच्या बाकावर पदर घेऊन बसले होते. आबा पिंजऱ्यात उभे राहिले, टोपी काढून हातात घेतली. रतिलालच्या वकिलाने विचारलं, मुलीच्या लग्नात सप्तपदी झाली का? आबा म्हणाले, “नही, साहेब. मी बापच शे तिना. मी नही देखी तं कोन देखी?” साहेबांनी कारकुनाला लिहून घ्यायला लावलं: ‘हे म्हणणे खरे आहे की, माझ्या मुलीच्या लग्नात सप्तपदी झाली नाही.’ बाप स्वतःच्या पोरीचं लग्न झालंच नाही असं शपथेवर सांगतो आहे आणि पंखा फिरतो आहे, शिपाई पाणी देतो आहे. मी पुष्कळ कोर्टं पाहिली, असं काही पाहिलं नव्हतं.

पण ते खोटं नव्हतं. आबा शब्दन् शब्द खरं बोलले. पावलं झाली नव्हती, कारण ती व्हायचीच नव्हती. हा निकाल लागायच्या सहा वर्षं आधी, तुझ्या अंगाला हळद लागायच्याही आधी, ते ठरलं होतं.

इथपर्यंत तीनदा लिहून तीनदा कागद फाडला. आता चौथ्यांदा फाडणार नाही.

बेबाबाईचं आधी सांगते, कारण ते त्यातल्या त्यात सोपं आहे. अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात ती माझ्याकडे आली होती. यावलकडची, केळीवाल्या घरातली, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत तिचा लग्नातला फोटो. म्हणाली, “बाई, तुमचं नाव आयकून आली मी. मले लेकरू झालं नाही म्हनून त्यानं दुसरी आनली.” मी कागद बघितले, नवऱ्याचं नाव वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. सांगितलं, ही केस मला घेता येणार नाही, दुसरी बाजू माझ्या नात्यातली आहे, भुसावळच्या पितांबर वकिलांकडे जा. हे नियमाला धरून होतं. कोणीही वकील हेच म्हणाला असता. ती उठली नाही. म्हणाली, “ती तुमची भाची हाये, मले ठाऊक हाये. म्हनून तं तुमच्याकडे आली. वाटलं, तुमी तरी खरं सांगसान.”

तिला मी दारापर्यंतही पोचवलं नाही. ती केस हरणार हे मला त्या दिवशीच माहीत होतं. का हरणार, तेही माहीत होतं. पितांबर वकील तीन वर्षं पावलं पाहिलेला माणूस शोधत गावोगाव फिरले, आणि मी बाररूममध्ये त्यांच्या समोर बसून चहा प्यायले. तुला फक्त एवढंच कळवलं होतं, आठवतं का, की ‘कोणी बाई आली होती, मी तिला परत पाठवलं, तू काळजी करू नकोस.’ तू उलट टपाली मला उपकार मानणारं पत्र लिहिलंस. ते पत्र माझ्याकडे आहे.

आता पंच्याऐंशीची भाऊबीज. मी गावी आले होते. दुपारी आबा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते आणि मी माझं रडगाणं सांगत होते. साक्रीकडच्या एका बाईची केस मी त्याच महिन्यात हरले होते. नवऱ्याने दुसरं लग्न केलं, चारशे माणूस जेवलं, फोटो होते, पत्रिका होती, पण सात पावलं पाहिली असं सांगणारा एकही साक्षीदार टिकला नाही. नवरा सुटला. मी चिडून चिडून सांगत होते. आबांनी शेंगा फोडणं थांबवलं आणि विचारलं, “आन ती पावलं चालीच नहीत, तं?”

मी म्हटलं, “तं कोर्टना मते लगन व्हयनंच नही.”

“मंग त्या मानूसनी नोकरी बी जात नही?”

“नही जात.”

आबांनी मान हलवली आणि परत शेंगा फोडायला लागले.

लता, आपल्या घरात तेव्हा नोकरी कोणाला होती? साक्रीच्या त्या माणसाची शेती होती. नोकरीची गोष्ट मी काढली नव्हती. पण दीपनगरचं स्थळ आलंय, मुलगा पॉवर हाऊसमध्ये कायम आहे, पहिलीला मूल नाही, नोकरीला धक्का लागणार नसेल तर तो तयार आहे, हे सकाळीच माझ्या कानावर आलं होतं. आबांनी दुसरा प्रश्न विचारला तेव्हाच मला कळलं ते कशासाठी विचारताहेत. एखाद्या अशिलाने असं विचारलं असतं तर मी त्याला पायऱ्या उतरायला लावल्या असत्या. आबांना मी उत्तर दिलं. लोक भाऊबीजेला बहिणीला ओवाळणी घालतात. त्या वर्षी मीच घातली.

पहिलीची फारकत झाली आहे, पंचांसमोर कागद झाला आहे, असं आबा मागाहून म्हणाले. तुलाही तेच सांगितलं होतं. मी ‘कागद दाखवा’ म्हटलं नाही. माझ्याकडे येणारी अडाणी बाईसुद्धा मी कागदाशिवाय खुर्चीवर बसू देत नाही.

तू विचारशील, का. आबांनी मला शिकवलं म्हणून, असं उत्तर मी स्वतःला पुष्कळ वर्षं दिलं. ते खरंही आहे. आमच्या बापाने मला सातवीतून काढलं होतं. आबा स्वतःची शाळा सोडून औताला लागले आणि म्हणाले, तिला शिकू द्या. वकिलीची सनद मिळाली त्या दिवशी सगळ्या गावात त्यांनी पेढे वाटले. त्या माणसाला नाही म्हणणं मला जड गेलं, एवढं तू समजून घेशील. घेऊ नकोस. कारण ते पूर्ण उत्तर नाही.

तुझा पहिला नवरा विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला तेव्हा तू वीस वर्षांची होतीस. तेराव्यानंतर आबांनी तुला माझ्याकडे आणून सोडलं. दहा महिने तू या घरात होतीस. माझ्या फायली नीट लावायचीस, अशिलांना पाणी द्यायचीस, मी आले की ताट वाढायचीस. आणि लता, मला तू नको होतीस. दिवसभर टाकलेल्या, मारलेल्या, रॉकेल ओतलेल्या बायकांचं ऐकायचं, त्यांच्यासाठी भांडायचं, आणि दार उघडलं की पुन्हा तुझा मोकळा गळा. मला माझं घर रिकामं हवं होतं. बायकांचे हक्क कोर्टात अकरा ते पाच या वेळात मला फार प्रिय आहेत.

तू डी.एड.चा फॉर्म भरला होतास. मी म्हटलं, दे, कोर्टात जाता जाता देऊन येते. पिशवीत तो अठरा दिवस होता. मुदत संपली, आणि मी तुला सांगितलं की जागा भरल्या. जागा भरल्या नव्हत्या. मी तो दिलाच नव्हता. तू म्हणालीस, ‘जाऊ दे आत्या, पुढच्या वर्षी.’ त्यानंतर महिन्याभराने आबा आले आणि म्हणाले, एक तर तू हिला कायमची ठेवून घे, नाहीतर मी हिला उजवून टाकतो. मी गप्प बसले. माझं गप्प बसणं त्यांना बरोबर समजलं. दिवाळीच्या आधी ते तुला घेऊन गेले.

मास्तरीण झाली असतीस तू आज. छकुलीच्याच शाळेत कदाचित.

राहिला मांडव. हे तुलाही आठवत असणार, आणि तू पत्रात ते मुद्दाम लिहिलं नाहीस असं मला एकोणीस दिवस वाटतं आहे. शहाऐंशीचा वैशाख. अंतरपाट निघाला, अक्षता पडल्या, हार झाले. भटजी सामान आवरायला लागले. तुझं आधी एक लग्न झालेलं होतं, तुला माहीत होतं पुढे काय असतं. तू त्यांना म्हणालीस, पावलं राहिली. ते म्हणाले, दुसरेपणात लागत नाहीत. तुझं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. मुंडावळ्या हाताने बाजूला करून तू माझ्याकडे पाहिलंस आणि विचारलंस, “आत्या, पावलं ऱ्हायनात ना?”

चारशे माणसांत तू मला विचारलंस, कारण मी वकील होते. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाईला मी पहिला प्रश्न हाच विचारते, पावलं टाकलीस का, आणि कोणी पाहिली. आयुष्यात एकदाच कोणी मला उलट विचारलं. एक शब्द पुरला असता. तू उठून मांडवाबाहेर आली असतीस, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. मी काय म्हणाले ते मी विसरलेली नाही. “भटजीले समजस. तू बस, पंगत खोळंबेल शे.”

तू बसलीस. मीही जेवले. बुंदी होती.

माफी मागत नाही. मागितली तर ती द्यायची की नाही हे एक काम आणखी तुझ्या डोक्यावर पडेल. काय करता येईल ते लिहिते.

ज्या पुरुषाने फसवून एखाद्या बाईला ती आपली कायदेशीर बायको आहे असं भासवलं आणि तिच्याशी संसार केला, त्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे कलम फारसं कोणी वापरत नाही. कारण फसवणूक ठरवून केली हे शाबीत करायला आतला माणूस लागतो, आणि आतला माणूस बोलत नाही. रतिलालने स्वतः कोर्टाकडून लिहून घेतलंय की तुझं लग्न झालं नाही. आता ते त्याला नाकारता येणार नाही. उरलं एवढंच दाखवायचं, की पावलं विसरली नव्हती, जाणूनबुजून गाळली होती, आणि ती कशी गाळायची हे कोणी शिकवलं.

सोबत माझा जबाब आहे. चार पानं. भाऊबीज, दोन्ही प्रश्न, दोन्ही उत्तरं, मांडव, सगळं तारखांसह. शुक्रवारी मी तो शपथेवर करून सही-शिक्क्यासह घेतला, तेव्हा आता मला मागे फिरता येणार नाही. शिक्का मारणाऱ्या वकिलांनी वाचून मला विचारलं, ताई, सनद ठेवायची नाही का तुम्हाला? माझ्या चालू फायली मी वाटून देते आहे.

हा जबाब कोर्टात गेला तर त्यात आबाही येतील. त्रेपन्न वर्षांचे आहेत, दमा आहे. त्यांना मी वेगळं पत्र लिहिलं आहे आणि हेच सगळं कळवलं आहे. वापरायचा की चुलीत घालायचा हे तू ठरव. तुझ्या वतीने ठरवायचं काम आम्ही दोघा भावंडांनी आजवर पुरेसं केलं.

वकील म्हणून पितांबरांकडे जा. सावकाश काम करतात, पण खोटं सांगत नाहीत. बेबाबाईलाही मी त्यांच्याकडेच पाठवलं होतं, तेव्हा रिकाम्या हातांनी. या वेळी तुझ्या हातात कागद आहे. पोटगीचा अर्ज छकुलीच्या नावाने लगेच टाकायला सांग, तो थांबवू नकोस.

तुझं वकीलपत्र परत पाठवत आहे. त्यावर माझी सही नाही. एकाच खटल्यात वकील आणि साक्षीदार दोन्ही होता येत नाही, आणि तुझी वकील होण्याची वेळ मांडवातच निघून गेली. साक्षीदारांच्या यादीत माझं नाव पहिलं घाल. समन्स याच पत्त्यावर पाठव, मी कुठे जाणार नाही.

छकुलीला आशीर्वाद. मावशींना नमस्कार.

नाव: प्रमिला झिपरू पाटील
वय: ४८, धंदा: वकिली, राहणार: देवपूर, धुळे
फिर्यादीशी नातं: आत्या